शहराचा बंब

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मयावर बोलणे झाले, नाट्यसंगीतावर झाले, सयाजीराव महाराजांच्या बडोद्यावरही झाले. अशा पंगतीत ऊब आणि गारवा नळावाटे इमारतींना पुरविणाऱ्या कंपन्यांचा विषय घेऊन उभे राहणे म्हणजे पुरणपोळीच्या पाठोपाठ पानात कोळसा वाढण्यासारखे आहे, हे आम्ही जाणून आहोत. परंतु अध्यक्षांचा आग्रह पडला, आणि त्या आग्रहास कारणही होते. अहमदाबाद आणि गांधीनगर यांच्या दरम्यान, साबरमतीच्या काठी, गिफ्ट सिटी नावाची जी नवी वसाहत उभी राहिली आहे, तेथे आपल्यापैकी अनेकांची मुले-सुना नोकरीस जातात. काहींचा तेथे जागा घेण्याचा विचार चालू आहे. तेथील इमारतींत गारवा बाहेरून, जमिनीखालच्या नळातून येतो. हा काय प्रकार आहे, आणि त्यात आपण सोयीत पडतो की कोणाच्या तरी मुठीत जातो, असे अध्यक्षांनी विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रारंभ घरापासून करू. आपल्या जुन्या घरांत न्हाणीशेजारी तांब्याचा बंब असे. मधोमध निखाऱ्यांची नळी, भोवती पाणी, खाली राखेची जाळी, बाजूला पितळी तोटी. एकत्र कुटुंबात त्या एका बंबावर दहाबारा आंघोळी होत. प्रत्येकाने आपापले पाणी वेगळ्या चुलीवर तापविले असते तर लागले असते त्याच्या निम्म्या जळणात काम भागे. मात्र त्या बंबापायी घरात रोज तीन तंटे होत, हेही आपल्याला आठवत असेल. जळण कोणी आणावयाचे, बंब कोणी पेटवावयाचा, आणि शेवटी आंघोळीस जाणाऱ्याच्याच वाट्यास कोमट पाणी का. आज आम्ही ज्या कंपन्यांविषयी सांगणार आहोत त्यांच्यापुढे दीडशे वर्षांत दुसरा कोणता प्रश्न आलेला नाही. यंत्रे सुधारली, तंटे तेच राहिले.

आता मूळ कल्पना. शहरातील प्रत्येक इमारतीने आपला स्वतंत्र बॉयलर किंवा स्वतंत्र गारव्याचे यंत्र न बसविता एका ठिकाणी मोठे बॉयलरघर अथवा शीतगृह उभारावयाचे, आणि तेथून उष्णतारोधक वेष्टनाचे नळ रस्त्याखालून इमारतींपर्यंत न्यावयाचे. नळ दोन असतात, एक येणारा आणि एक परत जाणारा. पाणी विकले जात नाही. पाण्याच्या अंगची ऊब किंवा थंडी तेवढी विकली जाते. इमारतीच्या तळघरात पातळ पत्र्यांचे एक यंत्र असते. पत्र्याच्या एका बाजूने कंपनीचे पाणी वाहते, दुसऱ्या बाजूने इमारतीचे. दोन्ही पाणी एकमेकांस शिवत नाहीत, पण उष्णता पत्र्यातून पलीकडे जाते. शेजारणीकडून वाटीतून काही आले तर वाटी रिकामी परत करू नये अशी आपल्याकडे रीत आहे. या व्यवहारात रीत नेमकी उलटी. वाटी जितकी रिकामी परत जाईल तितके बरे. गरम पाणी अर्धवट ऊब घेऊन परतले, किंवा थंड पाणी अर्धवट थंडी घेऊन परतले, तर कंपनीचा पंप उगाच राबला असा त्याचा अर्थ होतो, आणि कित्येक करारांत त्याबद्दल ग्राहकास दंडही असतो. ही बाब पुढे उपयोगी पडेल म्हणून आताच सांगून ठेविली.

आम्ही बॉयलरच्या खात्यातली माणसे. या शहरातील एका कापडगिरणीत आम्ही उमेदवारी केली. गिरणीत बॉयलरघर एक आणि वाफ खाणारी खाती अनेक. खळ लावणारे, रंगाई, धुलाई, सर्वांस वाफ तेथूनच जाई. कोणत्या खात्याने किती वाफ खाल्ली, यावरून महिनाअखेरीस जो वाद होई तो आम्ही पुष्कळ ऐकला आहे. त्यामुळे न्यूयॉर्कच्या वाफ-कंपनीचा इतिहास पहिल्याने वाचला तेव्हा आम्हांस गिरणीच्या आवाराबाहेर आल्यासारखे वाटलेच नाही.

या धंद्याचा जनक बर्डसिल होली हा गृहस्थ न्यूयॉर्क राज्यातील लॉकपोर्ट या गावचा. त्याने आधी शहरांसाठी पाण्याचे पंप आणि आग विझविण्याकरिता रस्त्यावरच्या तोट्या तयार करून नाव मिळविले होते. आपल्या भाषेत ‘बंब’ हा शब्द पाणी तापविणाऱ्या भांड्यासही चालतो आणि आग विझविणाऱ्या गाडीसही. दोन्ही अर्थांना जागलेला माणूस म्हणून होलीचे नाव घ्यावयास हरकत नाही. १८७६ साली त्याने स्वतःच्या घराच्या बॉयलरपासून आवारात वाफेचा नळ फिरवून प्रयोग केला आणि १८७७ साली कंपनी काढून लॉकपोर्टच्या घरांना वाफ पुरविण्यास सुरुवात केली. शेजाऱ्याच्या बॉयलरवर आपले घर ऊबदार ठेवावयाचे, हा विचार तेव्हा लोकांस नवा होता.

न्यूयॉर्क शहरात ३ मार्च १८८२ रोजी वाफेचा पुरवठा सुरू झाला. एडिसनच्या पर्ल स्ट्रीट येथील वीजघरातून वीज खेळू लागली ती त्याच वर्षाच्या ४ सप्टेंबरला. म्हणजे त्या शहरात वाफेचा धंदा विजेच्या धंद्याहून सहा महिन्यांनी वडील आहे. पहिला ग्राहक वॉल स्ट्रीटच्या कोपऱ्यावरील एक बँक होती. ग्राहकांस सोय कोणती झाली, ते ध्यानात घ्यावे. तळघरातला बॉयलर गेला, त्यास राबविणारा माणूस गेला, कोळशाची रास आणि राखेची टोपली गेली, आगीचे भय कमी झाले, आणि मोकळ्या झालेल्या तळघराचे भाडे येऊ लागले. या कंपनीचा धंदा पुढे कन्सॉलिडेटेड एडिसन या वीजकंपनीत विलीन झाला आणि तो आजही चालू आहे. मॅनहॅटनमधील सुमारे दीड हजार इमारती अजून ही वाफ घेतात. एम्पायर स्टेट बिल्डिंग त्यांतलीच. उन्हाळ्यात तीच वाफ वापरून गारवा करणारी यंत्रेही तेथे आहेत. वाफेने थंडी कशी होते, हे समजावून सांगण्यास वेगळे भाषण लागेल. तूर्त आपण विश्वास ठेवावा. अमेरिकेतल्या चित्रपटांत रस्त्याच्या झाकणांतून जो धूर निघताना दिसतो, तो बहुधा या नळांच्या पायीच. कधी गळती असते, कधी जमिनीतले पाणी तापल्या नळावर पडून त्याची वाफ होते.

या वैभवाची दुसरी बाजू १८ जुलै २००७ च्या सायंकाळी दिसली. ग्रँड सेंट्रल स्थानकाजवळ, कचेऱ्या सुटण्याच्या वेळी, १९२४ साली घातलेला वाफेचा नळ रस्ता फोडून वर आला. एका स्त्रीचा अंत झाला आणि अनेक लोक जखमी झाले. नळ त्र्याऐंशी वर्षांचा होता. अपघाताची तांत्रिक कारणे आम्ही येथे सांगत बसत नाही. आपण एवढेच विचारात घ्यावे, की जमिनीखालचा नळ दिसत नाही, म्हणून त्याच्या दुरुस्तीचा पैसा मागणे कंपनीस अवघड जाते आणि तो न देणे ग्राहकास सोपे जाते. घरच्या बंबास कल्हई केव्हा करावयाची, हे घरच्या माणसास दिसत असे.

आता आपण डेन्मार्कला जाऊ. देश लहान, हवा थंड. तेथे या विद्येचा आरंभ १९०३ साली कोपनहेगनला लागून असलेल्या फ्रेडरिक्सबर्ग या गावी झाला. कचरा टाकावयास जागा उरेना, म्हणून नगरपालिकेने कचरा जाळण्याचे घर बांधिले, त्यातून वीज काढली, आणि उरलेली ऊब नव्या रुग्णालयास पोचविली. ‘उरलेली ऊब’ या दोन शब्दांकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. औष्णिक वीजकेंद्रात जळणाचे शंभर भाग घातले तर सामान्यतः पस्तीस ते चाळीस भागांचीच वीज होते. बाकीची उष्णता नदीत किंवा आकाशात सोडून दिली जाते. ती टाकाऊ उष्णता नळात घालून घराघरांत नेली तर जळणाचा एक कणही जास्त न लागता घरे तापतात असे नाही, पण फार थोडे जास्त लागते. आपल्या देशात वीजकेंद्रांची ही उष्णता वाया जाते, याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. अहमदाबादेस वैशाखात ऊब विकत घेणारा ग्राहक कोठून मिळणार?

१९७३ साली तेलाचे संकट आले तेव्हा डेन्मार्क आपल्या ऊर्जेच्या गरजेपैकी सुमारे नव्वद टक्के भाग परदेशच्या तेलावर भागवीत होता. रविवारी मोटारी रस्त्यावर आणू नयेत असे सरकारला सांगावे लागले. त्या धड्यातून १९७९ साली तेथे उष्णता-पुरवठ्याचा कायदा झाला. त्यात दोन गोष्टी आल्या. नगरपालिकांनी आपापल्या गावाचा उष्णतेचा आराखडा करावा, ही पहिली. १९८२ पासून तर ज्या भागात नळ गेला त्या भागातील घरांवर जोडणीची सक्ती करण्याचा अधिकारही नगरपालिकांना मिळाला. आणि सक्ती करावयाची तर नफेखोरी चालू द्यावयाची नाही, ही दुसरी. उष्णता पुरविणाऱ्या संस्थेने खर्च, कर्जाचे हप्ते आणि दुरुस्तीची तरतूद एवढेच ग्राहकाकडून घ्यावे; वर्षअखेरीस जास्त उरले तर पुढच्या वर्षीच्या दरात वजा करावे. डॅनिश भाषेत या तत्त्वास जो शब्दप्रयोग आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘स्वतःच्या ठायी विसावणे’ असा होतो. संस्था नगरपालिकेची असो वा ग्राहकांच्या सहकारी मंडळीची, ती स्वतःच्या ठायी विसावलेली असावी. सहकारी साखर कारखाने आणि सहकारी दूधसंघ पाहिलेल्या महाराष्ट्र-गुजरातच्या माणसास हे परके वाटू नये. आज डेन्मार्कमधील सुमारे दोन-तृतीयांश घरे अशा नळांवर आहेत आणि कोपनहेगन शहर तर जवळजवळ सगळे.

पण तेथेही सर्व सुखेनैव झाले असे समजू नये. नफा नाही याचा अर्थ स्वस्ताई आहे असा होत नाही. १९९०च्या दशकात काही छोट्या गावांत घरे थोडी आणि नळ लांब, अशा संस्था काढल्या गेल्या. त्यांचे दर फार चढले, आणि नळ सोडून जाण्याची मुभा नसल्याने गावकऱ्यांस ते सोसावे लागले. तोटा झाला तर तोही ग्राहकांच्याच ठायी विसावतो. दुसरी गंमत कचऱ्याची. ऊब देण्याकरिता भट्ट्या इतक्या मोठ्या झाल्या की देशातला कचरा पुरेना आणि परदेशातून कचरा आणावा लागला. कोपनहेगनची नवी भट्टी तर इतकी देखणी, की २०१९ पासून तिच्या उतरत्या छपरावर लोक बर्फावरच्या घसरणीचा खेळ खेळतात. अखेर २०२० साली तेथील राजकीय पक्षांनी एकत्र येऊन भट्ट्यांची क्षमता कमी करावयाचे ठरविले. चूल फार मोठी बांधिली की जळण शोधत हिंडावे लागते, हे आपल्या आजीला ठाऊक होते. अभियंत्यांस ते पुन्हा शिकावे लागले.

पूर्व युरोपातील साम्यवादी देशांचे उदाहरण अगदी थोडक्यात सांगतो. तेथे शहरेच्या शहरे अशा नळांवर होती, पण घरोघर मीटर नव्हते आणि खोलीतील ऊब कमी करण्यास तोटीही नव्हती. आकार जागेच्या क्षेत्रफळावर. मग फार उकडू लागले की भर हिवाळ्यात लोक खिडक्या उघडीत. आमच्या गिरणीतील महिनाअखेरचा वाद तेथे कधी झाला नाही, आणि म्हणूनच ऊब आकाशात गेली. मोजणी नसेल तर भांडण नसते आणि काटकसरही नसते.

ऊब पुरे झाली. आपल्यास हवा आहे गारवा.

थंडी विकत घेण्याची कल्पना आपल्या देशात नवी नाही. १८३३ साली अमेरिकेतील बोस्टनहून तळ्यांचा बर्फ भरलेले जहाज कलकत्त्यास आले आणि दुसऱ्या वर्षी मुंबईसही असा बर्फ उतरला. सर जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम दिले, तेव्हा यजमान व पाहुणे सर्दीने बेजार झाले अशी कथा सांगतात. मुंबईच्या कोटात बर्फघर झाले; मद्रासचे बर्फघर आजही मरीनाच्या किनाऱ्यावर उभे आहे, आणि १८९७ साली स्वामी विवेकानंदांचा मुक्काम तेथे होता म्हणून ते आता त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्या बर्फाची एक खूण मात्र आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. आपण ‘दीड टनाचे यंत्र’ म्हणतो ते काही त्याचे वजन नव्हे. दोन हजार पौंड, म्हणजे एक अमेरिकी टन, बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता पिऊन टाकतो, तेवढी उष्णता ओढून घेणारे यंत्र ते एक टनाचे. आजच्या हिशेबाने साडेतीन किलोवॉट. बर्फ गेला, माप राहिले.

आता हे दीड टनाचे यंत्र काय करते ते पाहा. खोलीतील सुमारे सव्वापाच किलोवॉट उष्णता आणि स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णता मिळून सातएक किलोवॉट ते खिडकीबाहेर फेकते. बाहेर म्हणजे कोठे? गल्लीत, रस्त्यावर, आणि समोरच्या बिऱ्हाडाच्या खिडकीत. समोरचा मग आपले यंत्र लावतो. केर शेजाऱ्याच्या दारात लोटल्याने आपले अंगण स्वच्छ होते, त्यातलाच हा प्रकार. भारत सरकारच्या २०१९ सालच्या शीतकरण आराखड्यात असा अंदाज आहे, की २०१७-१८ पासून वीस वर्षांत देशाची गारव्याची एकंदर मागणी सुमारे आठपट होईल. या आठपट मागणीची उष्णता कोठे फेकावयाची, हा प्रश्न ज्याने त्याने आपापल्या खिडकीपुरता सोडविला तर शहरात उभे राहवणार नाही.

सामाईक शीतगृहाचा लाभ येथे आहे. मोठी यंत्रे लहान यंत्रांहून कमी विजेत तेच काम करतात. शिवाय कचेऱ्यांना गारवा दुपारी लागतो, घरांना रात्री, नाट्यगृहास सायंकाळी. सर्वांची कमाल गरज एकाच घटकेस येत नाही, म्हणून एकंदर यंत्रे कमी पुरतात. रात्री वीज स्वस्त असेल तेव्हा पाणी गार करून टाकीत साठविता येते. आणि उष्णता गल्लीत न फेकता एका ठिकाणी, उंचावर किंवा पाण्यात सोडता येते.

त्या ‘पाण्यात’ शब्दावरून कॅनडातील टोरांटोची हकीकत सांगतो. आम्हांस ती या साऱ्या शास्त्रातील सर्वांत सुंदर वाटते. पाणी चार अंशांस सर्वांत जड असते. त्यामुळे खोल सरोवराच्या तळाशी बारमाही जवळजवळ चार अंशांचे पाणी बसून असते. टोरांटोपुढे ओंटारिओ सरोवर आहे. २००४ साली एनवेव्ह या कंपनीने किनाऱ्यापासून पाच किलोमीटर आत, ८३ मीटर खोलीपर्यंत गेलेल्या नळांनी हे पाणी आणले. शहरास पिण्याचे पाणी हवेच होते. तेच पाणी शुद्ध करून, वाटेत त्याची थंडी पत्र्याच्या यंत्रातून काढून घेऊन, पुढे घरोघर पिण्यास सोडले. काढून घेतलेल्या थंडीवर शहराच्या मध्यभागातील बँकांचे मनोरे, रुग्णालये, क्रीडागार गार राहू लागली. एका पाण्याने दोन कामे झाली, आणि गारवा करणारी यंत्रे बव्हंशी स्वस्थ बसली. अर्थात शहरास पिण्यासाठी जेवढे पाणी लागते तेवढ्याचीच थंडी काढावयाची, ही या योजनेची मर्यादा.

ही कंपनी प्रारंभी टोरांटो नगरपालिका आणि महापालिका कर्मचाऱ्यांचा निवृत्तिवेतन निधी यांच्या भागीदारीची होती. २०१२ साली दोघांनी ती एका खासगी गुंतवणूक कंपनीस विकली, आणि पुढे ती पुन्हा विकली गेली. विक्रीत नगरपालिकेस पैसे चांगले मिळाले. तरी सरोवर गावाचे, रस्ता गावाचा, पिण्याचे पाणी गावाचे, आणि थंडी मात्र गुंतवणूकदाराची, ही विभागणी आमच्या जुन्या मनास रुचत नाही. पॅरिसने निराळी वाट धरली आहे. तेथे १९९१ पासून एक कंपनी सेन नदीच्या पाण्याचा आधार घेऊन गारवा करते आणि शहराच्या भुयारी गटारांतून नळ नेऊन तो पुरविते. लूव्र संग्रहालयातील चित्रे त्याच गारव्यात आहेत. पण कंपनीकडे आहे तो मुदतीचा मक्ता. २०२२ साली नवा मक्ता दिला तो वीस वर्षांचा. मुदत संपली की नळ नगरीचे. घर भाड्याने दिले म्हणून कोणी घराची मालकी सोडीत नाही, तसे हे आहे.

आता आपल्या साबरमतीकाठी परत येऊ. गिफ्ट सिटीतील योजना भारतातील या प्रकारची पहिली. पहिल्या टप्प्याची क्षमता दहा हजार टन, आणि अखेरीस ती एक लक्ष ऐंशी हजार टनांपर्यंत नेण्याचा संकल्प. पुरवठा करणारी कंपनी त्या वसाहतीचीच उपकंपनी आहे. नळ भुयारात असल्याने रस्ता न खोदता दुरुस्ती होते. न्यूयॉर्कचा नळ आठवून पाहिले तर ही मोठी गोष्ट आहे. पण आपल्याजवळ ओंटारिओ सरोवर नाही. आपल्याला उष्णता सोडावयाची ती शीतकरण मनोऱ्यांत पाण्याची वाफ करून. आमच्या हिशेबाने एक टन गारव्यामागे ताशी सहा-सात लिटर पाणी हवेत उडते. म्हणजे दहा हजार टन यंत्रणा पूर्ण वेगाने चालली तर ताशी साठ-सत्तर हजार लिटर. अहमदाबादेत साबरमतीत जे पाणी दिसते ते नर्मदेचे, कालव्याने आलेले. त्या पाण्याने मनोरे चालवावयाचे की शहराचे सांडपाणी शुद्ध करून, हा प्रश्न पुढील विस्ताराच्या वेळी जागरूक नागरिकांनी विचारलाच पाहिजे.

दुसरी मर्यादा अंतराची. गरम पाणी ऐंशी अंशांनी निघून चाळीस अंशांनी परतले तर प्रत्येक लिटर चाळीस अंशांचे काम करतो. गार पाणी सहा अंशांनी निघते आणि चौदाने परतते, म्हणजे काम आठच अंशांचे. तेवढ्याच कामास पाचपट पाणी आणि जाडजूड नळ. म्हणून गारव्याचा नळ फार लांब नेणे परवडत नाही. इमारती उंच आणि खेटून असतील तेथेच तो शोभतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने या विषयाकरिता भारतातील जी शहरे निवडली त्यांत ठाणे, पुणे आणि राजकोटही होते, आणि तेथेही विचार झाला तो दाट वस्तीच्या व्यापारी भागांचाच.

हे स्पष्ट सांगणे आम्हांस आवश्यक वाटते, कारण या शहराने उन्हाचा मार खाल्ला आहे. मे २०१० मध्ये येथे पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले, असे नंतरच्या अभ्यासात निघाले. १९ आणि २० मे २०१६ च्या सुमारास तर पारा ४८ अंशांस टेकला. २०१३ साली महापालिकेने उष्माघाताविरुद्ध कृती आराखडा केला; आपल्या दक्षिण आशियात असा तो पहिलाच. एका रुग्णालयातील नवजात अर्भकांचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, तापल्या गच्चीखाली होता. तो खालच्या मजल्यावर आणला आणि उन्हाने आजारी पडणारी बाळे कमी झाली. झोपड्यांच्या पत्र्यांना पांढरा रंग लावण्याचे कामही पुढे झाले. जेथे गारव्याचा नळ कधीच पोचणार नाही, तेथील माणसांचे प्राण या अशा उपायांनी वाचतात. काचेच्या मनोऱ्यांना नळ मिळाला म्हणून चाळीतली दुपार थंड होणार नाही. मात्र शेकडो यंत्रांची झळ गल्लीत न येता एका ठिकाणी गेली, तर चाळीतली दुपार निदान अधिक तापणार नाही. त्या नळाचा चाळीस होणारा लाभ एवढाच, आणि तो आम्ही लहान मानीत नाही.

राहिली गोष्ट कराराची. दुबईस ज्यांचे नातलग आहेत त्यांना तेथील गारव्याच्या बिलाची ओळख असेल. बिलाचे दोन भाग असतात. एक प्रत्यक्ष वापराचा, मीटरप्रमाणे. दुसरा राखीव क्षमतेचा. आपल्याकरिता कंपनीने जी यंत्रशक्ती बाजूस ठेविली तिचे भाडे म्हणून तो असतो. बिऱ्हाड उन्हाळ्याच्या सुटीत भारतात आले आणि घरास कुलूप लागले, तरी हा दुसरा भाग चालूच राहतो, आणि तक्रारी येतात त्या बहुतेक याच्याच. कंपनीची बाजूही अगदी खोटी नाही. यंत्रे तर बसवून ठेवावीच लागतात. परंतु ती राखीव क्षमता कोणी ठरविली? पुष्कळदा इमारत बांधणाऱ्याने, हात सैल सोडून, ठरविलेली असते, आणि भाडे पुढची वीस-पंचवीस वर्षे जागा घेणारा भरतो.

म्हणून अशा वसाहतीत जागा पाहावयास जाल तेव्हा दिवाणखान्याच्या खिडकीतून नदी दिसते की नाही, हे पाहून झाल्यावर गारव्याच्या कराराची प्रत मागावी. राखीव क्षमता किती टनांची आहे आणि प्रत्यक्ष वापर पाहून ती पुढे कमी करून मिळेल का, हे विचारावे. दरवाढ कशाशी बांधलेली आहे, विजेच्या दराशी की महागाईच्या निर्देशांकाशी की कंपनीच्या मर्जीशी, ते वाचावे. मीटर कोण तपासतो, पाणी पुरेसे न तापता परतले तर दंड कोणावर पडतो, इमारतीतील नळ सदोष असल्यास तो दंड बिल्डर भरणार की आपण, हेही त्यातच असते. आणि अखेरच्या पानांवर, बारीक टाइपात, कंपनी दुसऱ्यास विकली गेल्यास आपले दर काय राहतील आणि कराराची मुदत संपल्यावर नळ कोणाचा, याविषयी एक कलम असावयास हवे. ते नसेल तर सही करण्यापूर्वी घालून घ्यावे. नळ जोडला गेल्यावर ते घालून घेण्याची शक्ती आपल्या हाती राहत नाही.

 कोणास आपल्या जागेचा करार दाखवावयाचा असेल त्यांनी चहापानानंतर तो घेऊन यावा. आम्ही चष्मा बरोबर आणला आहे.